अरुंद खोली, साधा कॅमेरा: वाइड घ्यावी की फिशआय?

माझी भाची एका लहानशा स्वयंसेवी गटात आहे. बंद पडलेली जुनी वाचनालयं हा गट पुन्हा उभी करतो. भिंतींची ओल काढायची, कपाटं दुरुस्त करायची, पुस्तकं झटकून पुन्हा लावायची, सगळं स्वतःच्या हातांनी. फोटोंची जबाबदारी तिच्याकडे आहे. काम सुरू होण्याआधीची खोली, काम करणारी माणसं आणि सगळं झाल्यावर पुन्हा तीच खोली. कॅमेरा निकॉन डी३४०० आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मि.मी.ची किट लेन्स. तिची एकच अडचण होती. "मावशी, पाठ भिंतीला टेकते तरी खोली मावत नाही. लेन्स एकच घेता येईल. फिशआय घेऊ की वाइड?"

वाइड म्हणजे नेहमीपेक्षा रुंद दृश्य मावणारी लेन्स. फिशआयमध्ये त्याहूनही जास्त मावतं, पण सरळ रेषा वाकतात. तिचा कल फिशआयकडे होता. एका गोल जिन्याचा फिशआयने काढलेला फोटो तिने पाहिला होता आणि तो तिच्या मनातून जात नव्हता. शिवाय ८ मि.मी. हा आकडा १० पेक्षा लहान, म्हणजे आणखी जास्त मावणार, हा सरळ हिशेब होताच. हिशेब चुकीचा नाही. पण या मि.मी.च्या आकड्यावरून, म्हणजे फोकल लेंथवरून, फक्त किती मावेल ते कळतं. जे मावलं त्याचं फ्रेमच्या कडेला काय होतं, ते त्या आकड्यात नसतं. माझ्या मते या दोन लेन्समधला खरा निवाडा त्या कडेवरच होतो, आणि तो प्रत्येकाच्या विषयानुसार वेगळा होतो.

म्हणून उत्तर देण्याआधी मी तिचे जुने फोटो मागवले.

जुन्या फोटोंची छाननी

प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते. तिच्या फोटोंतले बरेचसे १८ वर काढलेले होते, म्हणजे लेन्स जितकी वाइड जाते तितकी नेलेली. एवढ्यावरून "हिला वाइड लेन्सच हवी" असं म्हणता आलं असतं. पण ते फोटो एकेक करून बघितले तेव्हा त्यांत तीन वेगवेगळे प्रश्न दिसले.

काही फोटो खरोखर अडलेले होते. कपाटांची अख्खी भिंत हवी होती आणि मागे सरकायला जागा नव्हती. काही फोटोंत ती दारात उभी होती, खोली पूर्ण आली होती, पण विषय होता पुस्तकाच्या कण्याला खळ लावणारे दोन हात. ते हात फ्रेममध्ये बोटभर झाले होते. तिथे वाइड लेन्स घेऊन काहीच साधलं नसतं. चार पावलं पुढे जायला हवं होतं. आणि काही फोटोंत छत यावं म्हणून कॅमेरा वर उचललेला होता, त्यामुळे कपाटांच्या उभ्या कडा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकल्या होत्या. वाइड लेन्सने हाच दोष आणखी उघडा पडतो.

वाइड लेन्सच्या शोधात असलेल्या कुणालाही मी हेच आधी करायला सांगते. १८ वर काढलेला प्रत्येक फोटो उघडायचा आणि स्वतःला विचारायचं: मागे जागा नव्हती, की मी पुढे गेलो नाही? दुसरं उत्तर जास्त वेळा आलं तर लेन्सची गरज नाही.

भाचीच्या बाबतीत पहिल्या प्रकारचे फोटो पुरेसे होते आणि तेच तिच्या कामाचे सगळ्यांत महत्त्वाचे फोटो होते. गरज खरी होती. मग ती मोजायची कशी, हा पुढचा भाग.

टेप घेऊन मोजलेली गरज

सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्सला रेक्टिलिनियर म्हणतात. बहुतेक सगळ्या लेन्स याच जातीच्या, किट लेन्ससुद्धा. अशा लेन्ससाठी एक सोपा हिशेब आहे: समोरच्या भिंतीचा जो भाग मावतो त्याची रुंदी म्हणजे भिंतीपर्यंतचं अंतर गुणिले सेन्सरची (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चौकटीची) रुंदी, भागिले फोकल लेंथ. डी३४०० चा सेन्सर २३.५ मि.मी. रुंद आणि १५.६ मि.मी. उंच आहे.

खोली साडेतीन मीटर खोल होती आणि कपाटांची भिंत सहा मीटर लांब. समोरच्या भिंतीला पाठ लावली तरी कॅमेरा आणि डोकं यांना जागा लागतेच, म्हणून अंतर धरलं ३.२ मीटर. किट लेन्सच्या १८ मि.मी.ला मावणारी रुंदी येते ४.१८ मीटर. म्हणजे कपाटांचा जवळजवळ तिसरा हिस्सा बाहेर राहतो, ही तिची तक्रार आकड्यांतही तंतोतंत दिसली. १२ मि.मी.ला ६.२७ मीटर, म्हणजे जेमतेम. १० मि.मी.ला ७.५२ मीटर.

एवढ्यावर १२ पुरेल असं वाटतं. पण तिला दुसरा एक फोटो नेहमी लागतो: कोपऱ्यात उभं राहून दोन्ही बाजूंच्या भिंतींसह सगळी खोली. काटकोनी खोलीच्या कोपऱ्यातून दोन्ही भिंती दिसायच्या तर लेन्सचा आडवा कोन ९० अंशांहून जास्त हवा. या सेन्सरवर १८ मि.मी.चा आडवा कोन साधारण ६६ अंश, १२ चा ८९, ११ चा ९४, १० चा ९९. म्हणजे १२ मि.मी.ची लेन्स काटकोनाच्या एक अंश अलीकडेच थांबते. फोटो नंतर सरळ करताना कडा थोड्या कापल्या जातात, ते वेगळंच. कॅमेरा कोपऱ्यापासून थोडा पुढे असला तर गरज आणखी वाढते. खोल्यांचे फोटो काढणाऱ्याने क्रॉप सेन्सरवर, म्हणजे डी३४०० सारख्या लहान सेन्सरवर, १० किंवा ११ मि.मी.पासून सुरू होणारी लेन्स बघावी, हे मी इतक्या आग्रहाने सांगते ते या काटकोनामुळे.

(पूर्ण फ्रेमसाठी, म्हणजे याहून मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली १४ मि.मी.ची लेन्स स्वस्तात मिळते म्हणून काही जण ती घेतात. या सेन्सरवर तिचा आडवा कोन ८० अंश होतो. मोठी, जड, पुढची काच फुगलेली, आणि कोपरा तरीही बाहेरच.)

फिशआय हातात आल्यावर

कागदावर बोलून तिचं मन वळणार नव्हतं आणि वळवायचंही नव्हतं. ओळखीतल्या एकाकडे सामयांगची ८ मि.मी. एफ/३.५ फिशआय होती, ती काही दिवसांसाठी मागून घेतली. लेन्स घेण्याआधी उसनी किंवा भाड्याने वापरून पाहणं हा कुठलेही तपशील वाचण्यापेक्षा चांगला मार्ग आहे. फिशआयच्या बाबतीत तर फारच.

या लेन्समध्ये ऑटोफोकस नाही. ऐकून भाची जरा नाराज झाली, पण फिशआयला त्याची उणीव फारशी भासत नाही. ८ मि.मी.ला एफ/८ ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) आणि फोकस पाऊण मीटरच्या आसपास लावला की साधारण तीस सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. रिंगवरचे अंतराचे आकडे प्रत्येक नगावर अचूक असतीलच असं नाही, म्हणून एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र मोठं करून खात्री करून घ्यायची, बस्स. निकॉनच्या साध्या बॉडीसाठी, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यासाठी, एकच गोष्ट बघावी लागते: या लेन्सची चिप असलेली आवृत्ती घ्यावी. चिप नसेल तर डी३४०० प्रकाश मोजत नाही आणि फक्त एम मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवून, चालतो.

पहिल्या फोटोंवर ती खूश होती. सगळी खोली, छत, फरशी, दोन्ही भिंती, आणि तिच्या स्वतःच्या चपलांची टोकंसुद्धा. फ्रेमच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १८० अंश म्हणजे काय, ते चपला दिसल्यावर कळतं. मग ते फोटो संगणकावर, जुन्या फोटोंशेजारी ठेवले. कपाटांच्या फळ्या कमानीसारख्या वाकलेल्या होत्या. फ्रेमच्या मध्यातून जाणारी रेषा तेवढी सरळ, बाकी प्रत्येक रेषा बाहेर फुगलेली. गटाने खपून ओळंब्यात बसवलेली कपाटं फोटोत वाकडी दिसत होती. तीच पहिल्यांदा म्हणाली, "हे बघून कुणाला वाटेल, आम्ही कपाटं अशीच ठोकली."

पण त्याच फोटोंत आणखी एक गोष्ट होती आणि ती फिशआयच्या बाजूची होती. फ्रेमच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसांची डोकी गोलच होती. अंगं किंचित तिरकी झाली होती, पण चेहरे ताणलेले नव्हते.

याचं कारण समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण सगळी निवड त्यावर उभी आहे. आपल्या भोवतीचं दृश्य गोलावर पसरलेलं असतं आणि फोटो सपाट असतो. गोल पृथ्वी सपाट नकाशावर काढताना जसं काहीतरी बिघडतंच, तसंच इथेही. रेक्टिलिनियर लेन्स रेषा वाचवते आणि कडेच्या गोल वस्तू ताणते. सामयांगची ही फिशआय स्टिरिओग्राफिक पद्धतीची आहे. ती छोट्या वस्तूंचे आकार बरेचसे वाचवते आणि रेषा वाकवते. सगळ्याच फिशआय अशा नसतात. इतर अनेक फिशआयमध्ये टोकाच्या वस्तू दबलेल्या दिसतात. दोन्ही वाचवणारी लेन्स कुणी बनवू शकत नाही, कितीही पैसे मोजले तरी.

रेक्टिलिनियर लेन्समध्ये ताण किती येतो, त्याचाही हिशेब आहे. मध्यापासून जितक्या अंशांवर डोकं आहे त्या कोनाच्या कोसाइनने एकाला भागायचं. १८ मि.मी.च्या डाव्या-उजव्या टोकाला डोकं सुमारे १.२ पट रुंद होतं. सहज लक्षातही येत नाही. १० मि.मी.ला तेच १.५ पट होतं, आणि ते कुणालाही दिसतं. गंमत अशी की कॅमेरा भिंतीसमोर सरळ धरला असेल तर भिंतीवरची वस्तू कडेलाही अजिबात ताणली जात नाही. कपाटातले चौकोनी कप्पे मध्यापासून टोकापर्यंत सारख्याच मापाचे येतात. ताणला जातो तो त्या कपाटापुढे उभा असलेला माणूस, कारण तो सपाट नाही. सपाट गोष्टी वाचतात आणि गोल गोष्टी बिघडतात, हे एकदा डोक्यात बसलं की वाइड लेन्सने माणसं कुठे उभी करायची, ते आपोआप सुचायला लागतं.

"पण नंतर सरळ करता येतं ना?"

येतं. फिशआयचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये रेक्टिलिनियर करता येतो आणि भाचीचा पुढचा मुद्दा हाच होता: एका लेन्समध्ये दोन. हा मुद्दा मला नीट तपासून बघावासा वाटला, कारण वरवर तो बिनतोड आहे.

डी३४०० चा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. १० मि.मी.ची रेक्टिलिनियर लेन्स आपला ९९ अंशांचा आडवा कोन त्या ६००० पिक्सेलवर पसरते. तोच ९९ अंशांचा भाग या फिशआयच्या फोटोत मधल्या साधारण ३३०० पिक्सेलमध्ये बसलेला असतो. सरळ करताना त्याच्या कडा मध्यापेक्षा जवळजवळ दुप्पट ताणाव्या लागतात. म्हणजे जिथे तपशील आधीच विरळ आहे तिथेच तो सगळ्यांत जास्त ओढला जातो. पुस्तकांच्या कण्यांवरची नावं मध्यात वाचता येत होती, टोकाला ती नुसते पट्टे झाली होती. आणि सरळ केल्यावर टोकाच्या चेहऱ्यांचा ताण परत येतोच, कारण तो ताण लेन्सचा नाही, त्या कोनाचा आहे. फिशआयची एकमेव जमेची बाजू सरळ करण्यात निघून जाते आणि हातात उरतो तो कमी तपशिलाचा वाइड फोटो.

कधीतरी एखादा फोटो सरळ करायला हे ठीक आहे. रोजच्या कामाला नाही.

किट लेन्सच्या पुढे स्क्रूने बसवायचे "वाइड" आणि "फिशआय" कन्व्हर्टर मिळतात, तेही तिने विचारले. त्यावर फार वेळ घालवला नाही. कडा धूसर, कोपरे काळे, आणि प्रकाशाच्या कडांना रंगीत किनार. त्या पैशांची बचत करून किट लेन्सनेच पॅनोरमा काढावा.

पॅनोरमा मात्र गंभीरपणे आजमावला. कॅमेरा उभा धरून १८ मि.मी.वर एकेका फ्रेमचा आडवा कोन साधारण ४७ अंश मिळतो. फ्रेम एकमेकांवर तिसऱ्या हिश्शाने चढवल्या तर तीन-चार फ्रेममध्ये खोली येते. ह्युगिनसारखं सॉफ्टवेअर त्या विनामूल्य जोडून देतं. एक्स्पोजर (प्रकाशाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि फोकस कायम ठेवायचे, नाहीतर जोडांवर पट्टे दिसतात. रिकाम्या खोलीचे फोटो असे चांगले आले, किंबहुना एका लेन्सने काढलेल्या फोटोपेक्षा जास्त तपशिलाचे. अडचण आली ती जवळच्या वस्तूंची. हाताच्या अंतरावर टेबल असेल आणि कॅमेरा लेन्सच्या योग्य बिंदूभोवती न फिरता आपल्या अंगाभोवती फिरला, तर टेबलाची कड मागच्या कपाटाच्या तुलनेत सरकते आणि जोड जुळत नाही. आणि माणसं तर हलतातच. तिच्या कामात निम्मे फोटो माणसांचे. फक्त रिकाम्या खोल्या काढायच्या असत्या तर मी तिला लेन्स घेऊच दिली नसती.

बॉडीने केलेली काटछाट

रेक्टिलिनियर वाइड घ्यायची, हे इथवर तिच्याच तोंडून आलं. कुठली घ्यायची, याचा मोठा भाग कॅमेऱ्यानेच ठरवून टाकला.

निकॉनच्या साध्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे डी३००० आणि डी५००० या मालिकांमध्ये, बॉडीत फोकसची मोटर नसते. लेन्समध्ये मोटर असेल तरच ऑटोफोकस चालतो. जुन्या लेन्सच्या बाजारात यावर अनेकांचे पैसे वाया जातात. टोकिनाच्या ११-१६ एफ/२.८ ची पहिली आवृत्ती निकॉनसाठी मोटरशिवाय होती. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत मोटर आली. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्याच. निकॉनची स्वतःची १०.५ मि.मी. डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) फिशआयसुद्धा मोटरशिवायचीच आहे. सिग्माच्या १०-२० वर एचएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे मोटर आहे. कॅननवाल्यांना हा प्रश्न येत नाही, कारण ईएफ आणि ईएफ-एस ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर असतेच; त्यांच्यासाठी २०१४ ची १०-१८ आयएस एसटीएम ही सरळ निवड आहे.

यादीत शेवटी दोन नावं राहिली. टोकिना ११-१६ एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती आणि निकॉनची २०१७ ची एएफ-पी डीएक्स १०-२० एफ/४.५-५.६ व्हीआर. (एएफ-पी हा निकॉनच्या फोकस मोटरचा एक प्रकार, आणि व्हीआर म्हणजे हात हलल्याची भरपाई करणारी सोय.)

टोकिनाचं एफ/२.८ हे एफ/४.५ च्या अडीचपट प्रकाश घेतं. ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्याला किंवा अंधाऱ्या सभागृहात हलती माणसं टिपणाऱ्याला मी डोळे मिटून तीच सांगितली असती. भाचीचं काम वेगळं. खोलीचा फोटो एफ/८ वर आणि ट्रायपॉडवर काढायचा, तिथे एफ/२.८ वापरलंच जात नाही. हातात धरून काढताना निकॉनचं व्हीआर उपयोगी पडतं. स्थिर खोलीसाठी शटर बराच हळू करता येतो; हलत्या माणसांना मात्र व्हीआरचा काही उपयोग नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. मग वजन. डी३४०० ची बॉडी ३९५ ग्रॅमची, टोकिना साडेपाचशेच्या आसपास, निकॉनची १०-२० फक्त २३० ग्रॅम. शिडीवर चढून, एका हाताने कठडा धरून फोटो काढणाऱ्या मुलीला हा फरक लागतो. तिसरी गोष्ट पुन्हा त्या काटकोनाची: ११ मि.मी.चे ९४ अंश पुरतात, १० चे ९९ निवांत पुरतात.

निकॉनच्या उण्या बाजूही तिला सांगितल्या. माउंट, म्हणजे कॅमेऱ्यात अडकणारा भाग, प्लॅस्टिकचा. लेन्सवर अंतराचे आकडे नाहीत, व्हीआरचं बटण नाही; सगळं मेनूतून. १० मि.मी.ला रेषा किंचित फुगतात, ते कॅमेऱ्यातल्या ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोलने किंवा नंतर सॉफ्टवेअरने काढावं लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एएफ-पी लेन्स प्रत्येक निकॉनवर चालत नाही. डी३४००, डी३५००, डी५६०० वर बिनघोर चालते; डी३१००, डी३२००, डी५१०० वर तिचा फोकसच होत नाही, हाताने फिरवूनही नाही, कारण फोकस रिंगसुद्धा इलेक्ट्रॉनिक आहे. तिच्या गटात आणखी एकाकडे डी३२०० आहे आणि लेन्स दोघांत वापरायचा त्यांचा विचार होता. तो विचार सोडावा लागला. दोघांना वाटून घ्यायचीच असती तर मी सिग्मा १०-२० सुचवली असती.

तिने निकॉन घेतली.

पुढचे काही महिने

पहिले फोटो किट लेन्सच्या फोटोंपेक्षा कंटाळवाणे होते. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. सगळं मावतं, आणि सगळं लहान होतं. समोर अर्धी फ्रेम रिकामी फरशी, लांब कुठेतरी कपाटं. वाइड लेन्सने जवळचं मोठं आणि दूरचं फार लहान दिसतं, म्हणून पुढ्यात काहीतरी अर्थाचं हवंच. तिने हळूहळू पुढे एखादं उघडं पुस्तक, खळीचं भांडं, करवत असं घेऊन, त्याच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढायला सुरुवात केली. ही लेन्स २२ सें.मी. इतक्या जवळही फोकस करते. हत्यार पुढे, त्यामागे माणूस, त्यामागे खोली, असे तीन थर आले की फोटो बोलायला लागतो.

कॅमेऱ्याची उंची हा दुसरा धडा. डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की खाली वाकवावंसं वाटतं, छत हवं म्हटलं की वर उचलावंसं वाटतं, आणि दोन्हींत कपाटं झुकतात. आता ती कॅमेरा छातीच्या किंवा त्याहून थोड्या खालच्या उंचीवर, अगदी समतल धरते आणि व्ह्यूफाइंडरऐवजी लाइव्ह व्ह्यूमध्ये ग्रिड लावून बघते. समतल कॅमेऱ्याने उभ्या रेषा उभ्या राहतात. छत जास्त हवं असेल तर ट्रायपॉड वर सरकवायचा, कॅमेरा वर वळवायचा नाही.

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तिने बंदच ठेवला आहे. त्याचा प्रकाश १८ मि.मी.पर्यंतच पसरतो, १० वर कोपरे काळे राहतात आणि खालच्या कडेला लेन्सची सावली पडते. खिडकीचा उजेड आणि ट्रायपॉड, एवढ्यावर तिचं भागतं. फोकससाठी मीटरभर अंतरावरच्या वस्तूवर ऑटोफोकस करायचा, मग फोकस मॅन्युअलवर टाकायचा, एफ/८ वर. १० मि.मी.ला एवढ्याने अर्ध्या मीटरच्याही अलीकडून अनंतापर्यंत सगळं येतं. मात्र काही वेळ न वापरल्याने कॅमेरा आपोआप झोपला की या लेन्सचा फोकस सरकू शकतो, म्हणून बराच वेळ थांबल्यावर ती पुन्हा फोकस करते.

गटाच्या फोटोसाठी तिने सुरुवातीला सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि टोकाचे दोघे दीडपट रुंद झाले. आता रांगा दोन करते, टोकाला कपाटाचा हात-दीड हात मोकळा ठेवते, आणि १४-१५ मि.मी.वर येते. तिच्या फोटोंची माहिती मी अलीकडे पुन्हा बघितली. १० वर खोल्या, १२ ते १५ मध्ये माणसं, आणि हातांच्या कामासाठी पुन्हा तीच जुनी किट लेन्स, ३५ ते ५५ वर. आधी दारात उभी राहणारी मुलगी आता पुढे जाते, हे मला त्या आकड्यांत दिसलं आणि फार बरं वाटलं.

फिशआयचं नाव तिने टाकलेलं नाही आणि टाकूही नये. फिशआयला कमी लेखणारे बरेच जण तिच्याकडून खोलीचं काम करून घ्यायला बघतात. ती लेन्स आकाशाकडे बघायला जन्मली. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६ मध्ये पाण्यातून माशाला वरचं जग कसं दिसेल ते पाण्याने भरलेल्या कॅमेऱ्याने दाखवलं, आणि १९२४ मध्ये रॉबिन हिल यांची लेन्स पुढे आली ती ढगांसाठी, सगळं आकाश एका फोटोत नोंदवता यावं म्हणून. आजही जंगलात झाडांच्या माथ्यातून किती उजेड खाली येतो ते मोजायला अभ्यासक फिशआय वर तोंड करून ठेवतात. जिथे पूर्ण अर्धगोल हवा आहे आणि सरळ रेषांचं कुणाला देणंघेणं नाही, तिथे तिला तोड नाही. स्केटबोर्डच्या उड्या, गुहा, घुमट, ३६० अंशांचे फोटो. भाचीने लेन्सच्या शोधात असताना हीच कामं रोज केली असती, तर मी तिला सामयांग घ्यायला सांगून हा सगळा हिशेब दोन मिनिटांत संपवला असता.

गटाने हाती घेतलेल्या पुढच्या वाचनालयाच्या मधल्या दालनावर घुमट आहे. १० मि.मी.ने तो खालून काढून बघितला. घुमट येतो, पण त्याला पेलणाऱ्या खांबांची फक्त डोकी येतात आणि तीही बाहेरच्या बाजूला ओढलेली. त्या दालनासाठी ती पुन्हा तीच फिशआय मागून आणणार आहे. ट्रायपॉड अगदी बुटका करायचा, लेन्स घुमटाच्या बरोबर मध्याखाली ठेवायची, दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि स्वतः खांबाआड व्हायचं, असं आमचं ठरलं आहे.